भुलीनंतर गाडी चालवू नये

ज्याच्या हाती फार मोठी सत्ता द्यायची, त्याच्या हाती दुसरं काहीही देऊ नये, हे राज्यशास्त्रातलं अनुभवाने सिद्ध झालेलं तत्त्व आहे. अमेरिकेने ते फार निष्ठेने पाळलं आहे. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला पृथ्वी अनेकदा नष्ट करता येते (एकदा पुरेसं असलं, तरी तरतूद असलेली बरी), पण निजायच्या खोलीची खिडकी उघडता येत नाही. जी काच बंदुकीच्या गोळीला दाद देत नाही, ती वाऱ्याला काय देणार.

हार्लन व्हिटकॉम यांना हे आधीच माहीत असायला हवं होतं. इंडियाना राज्यातल्या मिलर्स फोर्ड या गावी त्यांनी बावीस वर्षं आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं होतं. फळ्यावर ते तीन चौकोन काढायचे. एकात कायदे करणारे, एकात कायदे राबवणारे, एकात दोघांच्या चुका काढणारे. मधल्या चौकोनात ते टोपीवाला माणूस काढायचे आणि म्हणायचे, "हा देशातला सगळ्यांत ताकदवान माणूस." मुलं तो टोपीसकट वहीत उतरवून घ्यायची. एवढ्या ताकदवान माणसाला चौकोनात का ठेवलंय, असं बावीस वर्षांत एकाही मुलाने विचारलं नाही. पुढे गावाने मास्तरांना शाळा मंडळावर पाठवलं, राज्याने गव्हर्नर केलं आणि शेवटी देशाने उचलून त्या मधल्या चौकोनात नेऊन बसवलं. तिथे गेल्यावर चौकोनाला आतून कडी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. गावाकडे त्यांना अजूनही सगळे मास्तरच म्हणतात, म्हणून आपणही तसंच म्हणू.

मास्तरांचे अधिकार थोडक्यात सांगायचे तर असे. जगातल्या सर्वांत मोठ्या फौजेला ते हुकूम देऊ शकत. संसदेने वर्षभर खपून केलेला कायदा 'नको' एवढ्या एका शब्दात परत पाठवू शकत. कुठल्याही कैद्याला माफी देऊ शकत. कुणालाही राजदूत नेमू शकत, त्या माणसाला तो देश नकाशावर दाखवता येत नसला तरी (पूर्वी तशी उदाहरणं आहेत म्हणतात, आपण विश्वास ठेवायचं कारण नाही). आणि अण्वस्त्रं सोडायच्या हुकुमाची एक काळी चामडी बॅग घेतलेला अधिकारी त्यांच्या मागे सावलीसारखा फिरे. ती बॅग उघडून मास्तर काय करू शकले असते, ते सांगायला नको.

आता जे करता येत नसे ते. कोपऱ्यावर जाऊन डोनट आणता येत नसे. आपला कागद आपण फाडून टाकता येत नसे, कारण अध्यक्षाच्या हातचा प्रत्येक चिटोरा देशाच्या मालकीचा असतो. एकदा फोनवर बोलता बोलता मास्तरांनी कागदी रुमालावर एक शेळी काढली. तिला क्रमांक देऊन जपून ठेवलं आहे आणि कधीतरी त्या शेळीवर कुणीतरी डॉक्टरेट मिळवील. खरं उत्तर तर कधीच मिळत नसे. जे विनोद वर्गात बावीस वर्षं पडले होते, तेच आता मंत्रिमंडळाच्या बैठकीत पोट धरून हसवत होते. याची मास्तरांना मनातून भीती वाटे.

हे सगळं त्यांनी सोसलं. त्यांना लागलं ते गाडीचं.

मिलर्स फोर्डमध्ये व्हिटकॉम घराण्याची एक रीत होती. चर्चच्या मागच्या मोकळ्या आवारात कचऱ्याचे दोन डबे ठेवायचे आणि त्यांच्या मधे गाडी उलटी घालून लावायला शिकायचं. शिकवायला मास्तर. त्यांच्या तीन मुलांना, सात भाचे-पुतण्यांना आणि एका नव्या पाद्र्याला त्यांनी असंच शिकवलं होतं. त्यांतलं कुणीही परीक्षेत नापास झालं नव्हतं. (पाद्री दुसऱ्या खेपेला पास झाला, पण तो घराण्यातला नव्हे.) त्यांची नात मार्गो सहा वर्षांची असताना त्यांनी तिला त्याच आवारात मांडीवर बसवून स्टिअरिंगच्या चाकाला हात लावू दिला होता आणि वचन दिलं होतं, "तुला मीच शिकवणार."

मार्गो आता सोळाची झाली होती. ती आईबरोबर नदीपलीकडे, आजोबांच्या आताच्या सरकारी घरापासून वीस मिनिटांवर राहत होती. आणि गाडीच्या परीक्षेत ती नापास झाली होती. दोन गाड्यांच्या मधे गाडी लावताना तिने ती फुटपाथवर चढवली. तिला शिकवत होता एक भाडोत्री शिक्षक, आणि तो शिकवताना फोनवर बोलत असे. दुसरी परीक्षा शुक्रवारी दुपारी बारा वाजता होती.

मास्तरांनी विनंती केली. अध्यक्षांच्या सुरक्षेचे प्रमुख बक्स्टन हे सहा फूट चार इंच उंचीचे, अतिशय अदबशीर गृहस्थ होते. त्यांनी विनंतीचा सहानुभूतीने विचार केला. अध्यक्षांनी गाडी चालवायची नाही, हे तर होतंच. शिवाय तीन वर्षं खास प्रशिक्षण घेतलेल्या चालकाखेरीज इतर कुणाच्या गाडीत बसायचंही नाही.

"पण शिकवायला आमची हरकत नाही, साहेब," बक्स्टन म्हणाले. "तुम्ही तुमच्या गाडीत मागे बसा. ती तिच्या गाडीत असेल."

"मग तिला ऐकू कसं जाणार?"

"काचा बंद असतात, साहेब. त्यामुळे नाहीच जाणार."

देशात सोळा वर्षांचं कुठलंही पोर जे करू शकतं, ते सोडून बाकी सगळं मास्तरांना करता येत होतं. त्यांनी मार्गोला फोन करून सांगितलं की जमेलसं दिसत नाही. ती म्हणाली, "असू दे आजोबा, तुला कामं असतात." हे तिने इतक्या समजूतदारपणे म्हटलं की त्या दिवशी मास्तरांनी दोन कायदे 'नको' म्हणून परत पाठवले.

याच आठवड्यात त्यांची वार्षिक तब्येत-तपासणी आली.

एका वयानंतर मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहतात. ही तपासणी राजा आणि रंक यांच्यात भेद करत नाही. लोकशाहीची खरी पाठशाळा म्हणावी तर हीच. तिच्यासाठी भूल द्यावी लागते. आणि भुलीत गेलेल्या माणसाच्या हाती पृथ्वी ठेवणं बरं नव्हे, म्हणून अमेरिकेच्या राज्यघटनेत पंचविसावी दुरुस्ती केलेली आहे. ती अशी: भुलीपूर्वी अध्यक्षांनी एक पत्र सही करून पाठवायचं, की मी आता काम करायला असमर्थ आहे. त्या क्षणी सगळे अधिकार उपाध्यक्षांकडे जातात. जाग आल्यावर दुसरं पत्र सही करायचं, की मी आता समर्थ आहे. त्या क्षणी सगळे अधिकार परत येतात. पत्रं दोन-दोन ओळींचीच असतात. मास्तर ही दुरुस्ती मे महिन्यात, शेवटच्या तासाला शिकवायचे. तेव्हा वर्ग बहुधा झोपलेला असे, आणि विषयाला ते धरूनच होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ होण्यासाठी मास्तरांना चार लिटर औषधी पाणी प्यायला दिलं. नेमकी त्याच दुपारी एका मित्रराष्ट्राशी पोलादावरच्या जकातीची बोलणी होती. बोलणी चालू असताना मास्तर तीन वेळा एक शब्दही न बोलता उठले आणि ताडताड चालत खोलीबाहेर गेले. तिसऱ्या वेळी ते परत येईपर्यंत समोरच्या शिष्टमंडळाने आठ महिने लावून धरलेली अट सोडून दिली होती. परराष्ट्र खात्याने या डावपेचाचा अभ्यास सुरू केला आहे.

गुरुवारी सकाळी नौदलाच्या रुग्णालयात मास्तरांनी पहिलं पत्र सही केलं. मग त्यांना भूल दिली. आतडं उत्तम निघालं. (डॉक्टरांनी ते पत्रकारांना सांगितलं, पत्रकारांनी देशाला. मास्तरांच्या आतड्याबद्दल आज जेवढी माणसं जाणतात, तेवढी त्यांच्या शेतीविषयक धोरणाबद्दल जाणत नाहीत.) अकराच्या सुमाराला त्यांना जाग आली. परिचारिकेने सफरचंदाचा रस दिला, दोन बिस्किटं दिली, आणि सगळ्या रुग्णांना देतात तो एक छापील कागद हातात ठेवला. बाकीचे रुग्ण त्या कागदाची घडी करून खिशात घालतात. मास्तरांनी तो वाचला. हातात दिलेला कागद न वाचता सोडायची मास्तर लोकांना सवय नसते.

तेवढ्यात त्यांच्या कार्यालयाचा प्रमुख ड्वाइट पॅजेट दुसरं पत्र आणि पेन घेऊन आत आला. पॅजेट हा अतिशय कार्यक्षम माणूस. तो इतका घाईत असे की पाणीसुद्धा उभ्यानेच पिई.

"साहेब, इथे सही. उपाध्यक्षांच्या हाती दोन तास झाले, शेअरबाजार चुळबुळायला लागलाय."

"ड्वाइट, हे वाचलंस का?" मास्तरांनी छापील कागद पुढे केला.

पॅजेटने वाचलं. त्यावर लिहिलं होतं की भुलीनंतर चोवीस तास गाडी चालवू नये, यंत्रं हाताळू नयेत, महत्त्वाचे निर्णय घेऊ नयेत, आणि कोणत्याही कायदेशीर कागदावर सही करू नये.

"तू आणलास तो कागद कायदेशीर आहे का?" मास्तरांनी विचारलं. आवाज तोच, फळ्याजवळचा.

"साहेब, याहून कायदेशीर कागद या देशात नाही."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दुसरं बिस्किट उचललं.

हा नियम आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तो अध्यक्षांसाठी नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. फक्त तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. आधीच्या सगळ्या अध्यक्षांनी भूल उतरताच सही केली असणार, कारण ते वकील, सेनापती नाहीतर व्यापारी होते. मुलांना बावीस वर्षं 'नियम सगळ्यांना सारखा' असं शिकवलेला माणूस त्या खाटेवर पहिल्यांदाच झोपला होता. ही चूक मतदारांची. तिचा दोष मास्तरांना देता येणार नाही.

पॅजेटने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर लुंडग्रेन हे नौदलात कॅप्टन होते आणि विचारल्याशिवाय बोलत नसत.

"कॅप्टन, मला आज गाडी चालवता येईल का?" मास्तरांनी विचारलं.

"मुळीच नाही, साहेब. आपण शुद्धीवर आहोत असं वाटतं, पण हात, पाय आणि डोळे यांचा मेळ बसलेला नसतो. माणूस समोरचं झाडही चुकवू शकत नाही."

"बरं. आणि ती काळी बॅग परत घेता येईल का?"

डॉक्टर लुंडग्रेननी छापील कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले, "तो माझा विषय नाही, साहेब."

पॅजेटने डॉक्टरांना बाहेर नेऊन समजावलं की 'अध्यक्षांनी सही करण्यास हरकत नाही, मात्र गाडी चालवू नये' एवढं एक वाक्य लिहून द्या. डॉक्टर म्हणाले, देतो, पण खाली कारण लिहावं लागतं. मोटारीला जी बुद्धी पुरत नाही ती अण्वस्त्रांना कशी पुरते, याचं कारण दोघांनी मिळून शोधलं. दुपारच्या जेवणापर्यंत ते सापडलं नाही. मग तीन वकील आले. त्यांची चार मतं पडली. शेवटी ठरलं की उद्या अकरापर्यंत थांबायचं आणि तोवर कुणी विचारलंच, तर अध्यक्ष विश्रांती घेत आहेत म्हणायचं. अध्यक्ष काहीही करत असले तरी हेच म्हणायची पद्धत असल्यामुळे नवीन मसुदा करावा लागला नाही.

आता मास्तरांनी बक्स्टनना जवळ बोलावलं.

"बक्स्टन, दुसऱ्याच्या गाडीत बसायचं नाही, हा नियम कुणासाठी आहे? नीट वाचून सांगा."

बक्स्टननी नियम पाहिला. त्यात शब्द होते, 'पदाचे अधिकार चालवणारी व्यक्ती'. त्यांनी तो पुन्हा पाहिला. मग त्यांच्या मोठ्या, गंभीर चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. पदाचे अधिकार या घटकेला चालवत होत्या उपाध्यक्ष व्हायोला स्टॅनफिल. म्हणजे सरकारी गाडीखेरीज हलायची मनाई आज त्यांना होती, मास्तरांना नव्हती. बक्स्टननी ताबडतोब फोन करून स्टॅनफिलबाईंच्या खाजगी गाडीच्या किल्ल्या काढून घ्यायला सांगितल्या.

"आणि कॅप्टन," मास्तरांनी डॉक्टरांना विचारलं, "चालवणाऱ्याच्या शेजारी बसायला चालेल?"

"बसायला शास्त्राची काही हरकत नाही, साहेब."

या स्टॅनफिलबाईंविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तीन वर्षं त्यांचं मुख्य काम होतं रोज सकाळी अध्यक्षांची प्रकृती विचारणं, आणि ती उत्तम आहे हे ऐकून आनंदित होणं. आज अखेर सगळी सत्ता हाती आल्यावर त्यांनी पहिला हुकूम दिला, की बैठकीच्या खोलीत फार उकडतंय, जरा गार करा. हुकूम लगेच स्वीकारला गेला. इमारत ऐतिहासिक असल्यामुळे तो वारसा विभागाकडे गेला, तिथून सुरक्षेकडे, तिथून ऊर्जा खात्याकडे. या तिघांची एक समिती नेमली आहे. समिती चांगली आहे.

त्या दिवशी टळटळीत दुपारी, नदीपलीकडच्या एका बंद पडलेल्या बाजाराच्या आवारात, मार्गोच्या आईची जुनी निळी गाडी येऊन उभी राहिली. मागे तेरा काळ्या गाड्या, एक रुग्णवाहिका, आणि वर एक हेलिकॉप्टर. आवार पूर्ण मोकळं करून घेतलं होतं. कचऱ्याचे डबे ठेवायला बक्स्टननी नकार दिला, कारण डब्यात काय असेल सांगता येत नाही. त्याऐवजी त्यांनी दोन चिलखती गाड्या पुढेमागे उभ्या केल्या आणि मधे जागा सोडली. त्या गाड्यांना बॉम्ब लागला तरी काही होत नाही, असं त्यांनी मार्गोला धीर देण्यासाठी सांगितलं.

मास्तर शेजारच्या सीटवर बसले. तीन वर्षांत प्रथमच त्यांच्यासमोर रस्ता होता, कुणाच्या मानेचा मागचा भाग नव्हता. त्यांनी काच खाली केली. काच खाली गेली. त्यांनी ती वर केली आणि पुन्हा खाली केली.

"आजोबा, खेळू नकोस," मार्गो म्हणाली. "सांग आता."

मास्तरांनी सांगितलं. पुढच्या गाडीला समांतर ये. तिचा मागचा दिवा आपल्या खांद्याशी आला की चाक पूर्ण वळव. मग आरशात बघ. घाई नको. मार्गोने गाडी उलटी घेतली आणि ती सरळ मागच्या चिलखती गाडीवर नेऊन आपटली. चिलखती गाडीवर ओरखडाही उठला नाही. निळ्या गाडीचा मागचा दिवा खाली पडला. पाच माणसं धावत आली, त्यांनी दिवा तपासला आणि तो दिवाच असल्याची खात्री करून घेतली.

दुसऱ्या वेळी ती आवाराच्या कडेच्या फुटपाथवर चढली. तिसऱ्या वेळी पुढची गाडी. चौथ्या वेळी कशालाच लागलं नाही, पण गाडी जागेत आडवी उभी राहिली, टपालपेटीत तिरक्या अडकलेल्या पाकिटासारखी.

मार्गोने इंजिन बंद केलं. चाकावर कपाळ टेकवलं आणि तसंच डोकं वळवून खाली आजोबांच्या पायांकडे बघितलं.

"तू काय करतोयस?"

"कुठे काय?"

"पायाने. मघापासून. दर वेळी जोरात काहीतरी दाबतोस. मला ते दिसतं आणि मग मी घाबरते."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा बूट गाडीच्या तळाला असा दाबून बसला होता की चटईत खळगा पडला होता.

"ब्रेक दाबतोय," ते म्हणाले.

"आजोबा, त्या बाजूला ब्रेक नसतो."

"माहीत आहे."

"मग दाबतोस कशाला?"

बाहेर तेरा गाड्यांची इंजिनं चालू होती.

"सवय झालीये. तीन वर्षं तेच करतोय. मी दाबतो, गाडी थांबते किंवा थांबत नाही. थांबली की लोक म्हणतात, वा, काय ब्रेक दाबलात. नाही थांबली तरी शेजारी बसलेला मीच."

मार्गो हसली नाही. हे मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं. तीन वर्षांत त्यांच्या बोलण्यावर न हसणारी ती पहिली व्यक्ती होती.

"पाय वर घे," ती म्हणाली. "सीटवर. मांडी घालून बस."

"या वयात?"

"घे वर."

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने, म्हणजे त्या घटकेला जो कुणीच नव्हता अशा माणसाने, बूट काढले आणि खाली मान घालून मांडी घातली. बक्स्टननी दुर्बिणीतून ते पाहिलं आणि त्याची नोंद न करायचं ठरवलं. मार्गोने गाडी पुढे घेतली. समांतर आणली. दिवा खांद्याशी आला. चाक फिरलं. निळी गाडी दोन चिलखती गाड्यांच्या मधे, म्हैस गोठ्यात शिरावी तशी न बोलता शिरली आणि उभी राहिली. तिने पुन्हा केलं. पुन्हा बरोबर आलं. तिसऱ्यांदाही आलं. मास्तर मांडी घालून, हातावर हात ठेवून बसले होते. चार तासांच्या भाषणानंतरही त्यांना कधी एवढा थकवा आला नव्हता.

आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती दोघांच्याही मनात होती. परीक्षा उद्या बाराला. चोवीस तास संपणार अकराला. मिलर्स फोर्डच्या रीतीत एक शेवटचा भाग होता. परीक्षा चालू असताना शिकवणाऱ्याने परवाना कचेरीबाहेरच्या बाकावर बसायचं आणि परीक्षार्थी परत येईपर्यंत शेंगदाणे खायचे. प्रत्येकाच्या वेळी मास्तर तिथे बसले होते. पाद्र्याच्या वेळी तर दोनदा.

"उद्या सकाळी मला जरा चक्कर आल्यासारखं होऊ शकतं," मास्तर बाहेर बघत म्हणाले. "कॅप्टन लुंडग्रेन नाही म्हणणार नाहीत. आणखी दोन तास. देशाला काय, कळणारही नाही."

मार्गोने चाकावरची शिवण नखाने उचकटली.

"नको येऊस," ती म्हणाली.

"का ग?"

"तू आलास की हे सगळे येतात. मग तो परीक्षा घेणारा बघतो. मी गाडी नदीत घातली तरी तो मला पास करणार." तिने तेरा गाड्यांकडे मान उडवली. "मला खरी पास व्हायचंय, आजोबा."

बावीस वर्षांत त्यांनी अधिकारांची मर्यादा हा धडा पुष्कळ वेळा शिकवला होता. तो कुणाला एवढा नीट समजलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी बूट घातले आणि खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून तिच्या हातात दिली. ती पुडी श्वानपथकाने आधी तपासलेली होती आणि त्यातले दोन दाणे कमी होते.

शुक्रवारी अकरा वाजता पॅजेट उभा होता. मास्तरांनी दुसरं पत्र वाचलं, सही केली, आणि पेन परत दिलं. तत्क्षणी फौज, माफी, राजदूत आणि काळी बॅग त्यांच्याकडे परत आली. स्टॅनफिलबाईंना किल्ल्या परत मिळाल्या. त्या घाम पुसत आल्या, मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "प्रकृतीला जपा हो." या वेळी मनापासून म्हणाल्या.

बारा वाजता मास्तर एका राजाशी बोलत होते. साडेबारालाही. फोन करून विचारावं असं त्यांना चार वेळा वाटलं, पण अध्यक्षांचा फोन परवाना कचेरीत गेला तर काय होईल हे आता त्यांना कळत होतं. त्यांनी टेबलाखाली दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले आणि तिथेच ठेवले.

शनिवारी सकाळी रोजच्याप्रमाणे गुप्त वृत्तांत आला. त्यात पहिल्या क्रमांकावर एक युद्ध होतं, दुसऱ्यावर एक दुष्काळ, तिसऱ्यावर एक पाणबुडी. चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं: 'मार्गो उत्तीर्ण. गाडी पहिल्याच प्रयत्नात जागेत. फुटपाथला स्पर्श नाही. (दोन गुप्तचर संस्थांची पूर्ण खात्री, तिसरीची मध्यम.) कोणी शिकवलं, असं परीक्षकाने विचारता उमेदवाराने सांगितलं: आजोबांनी, ते शाळामास्तर होते. परीक्षकाने पुढे चौकशी केली नाही.' मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांना तो खिशात घालायचा होता, पण त्यावर आधीच क्रमांक पडला होता.

या सव्वीस तासांचा देशावर काय परिणाम झाला, याची रीतसर पाहणी झाली. देशाचा कारभार योग्य दिशेने चालला आहे, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण चार टक्क्यांनी वाढलं होतं. एकसष्ट टक्के लोकांना अध्यक्ष बदलल्याचं कळलं नव्हतं, बावीस टक्क्यांना परत आल्याचं, आणि उरलेल्यांनी 'कोण अध्यक्ष?' असं विचारलं. हे आकडे पाहून पॅजेटने एक टिपण तयार केलं आहे, की ही तपासणी दर तीन महिन्यांनी करावी. आतड्याची संमती घ्यायची राहिली आहे.

बाकी या व्यवस्थेतलं शहाणपण आपण घेण्यासारखं आहे. पहिलं पत्र द्यायची चाल आपल्याकडेही आहे. दर पाच वर्षांनी आपण शाळेच्या खोलीत रांगेने जातो, बोटाला शाई लावून घेतो आणि मी आता असमर्थ आहे, सगळे अधिकार यांच्याकडे, असं सांगून घरी येतो. भूल उत्तम चढते. मग संध्याकाळी बातम्या बघताना आपला उजवा पाय सतरंजीवर जोरजोरात दाबला जातो आणि वाटतं, आपण गाडी चालवतोय. दुसरं पत्र, मी आता समर्थ आहे असं सांगणारं, दोन ओळींचंच असतं. तुमचं कुठे ठेवलंय, तेवढं एकदा उठून बघून ठेवा. सापडेपर्यंत पाय वर घेऊन बसायला हरकत नाही.